शालूची बातमी

मेलेल्या माणसाची बातमी कशी लिहायची हे मला कुणी शिकवायला येऊ नये. तीसेक वर्षं आमच्या पेपरात 'निधन वार्ता' मी बघतोय. शिवाजी पेठ असू दे, कोडोली असू दे, गडमुडशिंगी असू दे, माणूस गेला की त्याचं पोरगं नाहीतर जावई संध्याकाळच्या आत आमच्या टेबलापुढं उभा. डोळे लाल, हातात फोटो. आणि मी, ज्ञानू साळोखे, चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न विचारणार, "रक्षाविसर्जन किती वाजता?"

लोकांना वाटायचं, काय दगड माणूस आहे हा! वाटू दे.

आमच्या कोल्हापुरात मातीला, म्हणजे अग्नी देताना, जवळची माणसं जमतात. तिथं घाई असते, कुणाला कळतं, कुणाला कळत नाही. पण रक्षेला सगळी येतात. दूधवाला येतो, तालमीतली पोरं येतात, बांधावरनं कोर्टात गेलेला भाऊबंद येतो आणि लांब उभा राहतो. आणि ही सगळी येतात ती पेपर बघून. सकाळच्या चहाबरोबर लोक आधी ते पान उघडतात, राजकारण मग. म्हणून बातमीत नाव, वय, मागे कोण आणि रक्षा कधी, कुठं. बास. चार ओळी. पाचवी आली की मी कापली.

"आमचे आबा लई प्रेमळ हुते ओ, तेवढं घाला की," असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, "प्रेमळ असतील तर लोकांना म्हाईत असंल. येळ सांगा."

आमच्या हाताखाली मोना नावाची पोरगी आली होती, विद्यापीठातनं पत्रकारिता शिकून. हुशार पोरगी, पण डोक्यात सगळं लालित्य. तिला प्रत्येक बातमीनं वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आणायचं असायचं. पाणी नळाला येणार नसल्याची बातमीसुद्धा ती एका म्हातारीच्या घागरीपासनं सुरू करायची. "बाई, कुठल्या भागात आणि कवा येणार न्हाई ते आधी लिव," मी ओरडायचो. एकदा तिनं माझं पान हातात धरून विचारलं, "सर, ह्या चार ओळीत माणूस कुठं दिसतो?"

मी म्हटलं, "माणूस बघायचा आसंल तर रक्षेला या म्हणावं. आपलं काम त्यांना तिथवर पोचवायचं."

काय चुकीचं बोललो? आजही मला ते बरोबरच वाटतं. म्हणून तर जास्त लागतं.

आता शालूचं सांगतो. शालू म्हणजे माझी बायको. मूलबाळ आम्हाला नाही. त्याचं दुःख जुनं झालं होतं, दोघांनी मिळून झिजवलं म्हणा. आम्ही शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझं पान रोज सकाळी पहिल्यांदा तीच वाचायची. नवऱ्याचं कौतुक म्हणून नाही हो, कुणाच्या रक्षेला जायचंय ते बघायला! ओळखीचं नाव दिसलं की आमटीखालचा गॅस बंद, पदर खोचला, चालली नदीवर. तिथं जाऊन बोलायची काहीच नाही. ज्या बाईचं माणूस गेलंय तिच्या शेजारी उभं राहायचं, तिचा हात धरायचा, रक्षा सोडून झाली की परत यायचं. मी चिडवायचो, "पगार सुरू करा म्हण आता लोकास्नी." ती म्हणायची, "तुमी लिवता, मी जातो. घरात एकानं तरी जायला पायजे का नको?"

आणि एक गोष्ट ती कायम बोलायची. भांडी घासताना, शेंगा सोलताना, कधीही. "आपल्या मागं कोण न्हाई. मला दागिना नको, काय नको. पर माझ्या रक्षेला पेठ आली पायजे बघा. घाट मोकळा दिसला तर मला बरं वाटणार न्हाई."

"तुला तवा कळणार हाय व्हय?"

"मला कळंल."

तीन वर्षांमागं मालकानं घर पाडलं, अपार्टमेंट बांधायला. आम्ही फुलेवाडीच्या पुढं एका फ्लॅटात आलो. स्वच्छ, हवेशीर, दाराला दार लागून, आणि सगळी दारं बंद. पेठेत सकाळी दार उघडलं की दहा माणसं "काय वैनी!" म्हणायची. इथं लिफ्टमध्ये लोक आकडे बघत उभे राहतात. शालूनं महिनाभर प्रयत्न केला, वाटीतनं सांडगे दिले, खरवस दिला. वाट्या धुऊन परत आल्या, माणसं आली नाहीत. मग ती केएमटीच्या बसनं आठवड्यातनं दोनदा पेठेत जायची आणि तोंडावर उजेड घेऊन यायची. मी ड्युटीवर. मला तिचं एकटेपण दिसत होतं, पण रिटायर झाल्यावर बघू म्हणत होतो. माणूस सगळंच रिटायर झाल्यावर बघणार असतो.

एका मंगळवारी सकाळी ती चहा गाळता गाळता खाली बसली. मला वाटलं, काहीतरी सांडलं म्हणून पुसायला बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तिचा भाऊ बाळासो कोडोलीहून दोन तासांत आला, बायकोपोरांना घेऊन. सगळं त्यानंच केलं. मी नुसता उभा होतो. दुपारी माती झाली तेव्हा आम्ही घरातली पाच-सहा, ऑफिसातले तिघं-चौघं आणि अपार्टमेंटचा वॉचमन. बाळासोनं विचारलं, "दाजी, पेठंत फोन लावू का कुणाला?"

मी म्हटलं, "नको. उद्या पेपरात येतंयच की. पेठ रक्षेला येईल."

बघा. माझ्या तोंडचं वाक्य आहे हे.

बाळासोच्या उसाला तोड आली होती. टोळी फडात बसलेली, ट्रॅक्टर दारात. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत जायला पाहिजे होतं, म्हणून रक्षा बुधवारी सकाळी आठला धरली. नदीवर, नेहमीच्या जागी. बोललो, ठरलं. मी म्हटलं, बातमी मी लिहितो. दुसऱ्या कुणी माझ्या बायकोची बातमी लिहायची म्हणजे काय?

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसलो. हाताला सवय. लिहून काढलं: 'शिवाजी पेठ : येथील शालन ज्ञानदेव साळोखे (वय ६१) यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पती असा परिवार आहे.'

पती असा परिवार.

च्यायला, असली ओळ मी शेकडो वेळा लिहिली असेन. मागे पत्नी, मागे बहीण, मागे पुतण्या. कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी त्या ओळीकडं बघून मला सहन होईना. एकटा माणूस, त्याला परिवार म्हणायचं? आणि ही बाई चाळीस वर्षं जगली माझ्यासंगट, ती ह्या दीड ओळीत? कागद चुरगाळला. दुसरा घेतला आणि जे यायचं ते येऊ दिलं.

मी कधी असं लिहिलं नव्हतं. 'ती लोकांच्या मरणाला जायची,' असं सुरू केलं. 'गेलेल्या माणसाला निरोप द्यायला सगळे येतात. ती राहिलेल्या माणसाचा हात धरायला जायची. मी चार ओळीत माणूस संपवायचो. ती त्या ओळी वाचून चपला घालायची, तिथून पुढं तो माणूस सुरू व्हायचा. आज चपला दारात आहेत. मी त्यांच्याकडं बघतोय आणि मला कळत नाही, आता माझा हात कोण धरणार.' असं बरंच. खरवसाच्या वाट्या, केएमटीतली खिडकी, सगळं.

मध्येच फोन वाजायला लागला. एक झाला, दुसरा झाला. लिंक तुटायला लागली म्हणून मी फोन बंद करून ठेवला. बाळासो बाहेर सोफ्यावर कलंडला होता. मी लिहीत होतो. आणि खरं सांगतो, सांगायला जीभ रेटत नाही पण सांगतो, लिहिताना मला बरं वाटत होतं. चांगलं उतरतंय, हे कळत होतं. बायकोला अग्नी देऊन आलेला माणूस मी, आणि एक शब्द खोडून दुसरा बसवताना मनात म्हणत होतो, वा.

मोना भेटायला आली होती, तीच कागद घेऊन जायला थांबली. दारात उभ्या उभ्या तिनं वाचलं आणि ढसाढसा रडली. "सर, एक अक्षर कापणार नाही. निधन वार्तेत नाही लावत हे. तिसऱ्या पानावर चौकट करते."

मी मान हलवली. मला अभिमान वाटला, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, तिनं एक प्रश्न विचारायला नको होता? पण माझ्या कॉपीला हात लावला तर काय होतं हे त्या ऑफिसात शिपायालासुद्धा माहीत होतं. तिला वाटलं, त्या चार ओळी सरांनी वेगळ्या दिल्या असतील. रात्रपाळीवाल्याला वाटलं, चौकट आहे म्हणजे त्यात सगळं असणार. मी गादीवर पडलो आणि मेल्यासारखा झोपलो.

सकाळी पेपर आला. चौकट बघितली. शालूचा फोटो, पेठेतल्या ओट्यावरचा. वरचा परिच्छेद वाचला, डोळे भरून आले, पुढं वाचवेना. घडी घालून खिशात ठेवला आणि नदीवर गेलो.

आठ वाजले. आम्ही सहा माणसं. बाळासोच्या बायकोनं नैवेद्याचं पान मांडलं. मी रस्त्याकडं तोंड करून उभा.

"दाजी, सुरू करूया?"

"थांब की जरा. पेठ येतीय."

शेजारीच दुसऱ्या कुणाची रक्षा होती. भली मोठी गर्दी, गाड्या पार रस्त्यापर्यंत. मला ते नाव माहीत होतं. आदल्या पहाटे गेलेला म्हातारा, बातमी मंगळवारी मोनानं लिहिली होती, माझ्याच पद्धतीनं, चार ओळी. माणसं कशी आली होती बघा! पांढऱ्या टोप्यांची रांगच्या रांग.

साडेआठ झाले. बाळासो घड्याळाकडं बघायचा, मग माझ्याकडं, मग पायाकडं. त्याला टोळीची काळजी लागली होती पण बोलायचं धाडस होत नव्हतं. मी मनात पेठेला शिव्या घालायला लागलो. हजारो वेळा हिनं तुमच्या रक्षेला पाय झिजवले आणि एकाला वेळ नाही? एका भाड्याला?

तेवढ्यात त्या शेजारच्या गर्दीतला एक जण माझ्याकडं आला. ओळखीचा चेहरा, नाव आठवेना. काखेत आमचाच पेपर. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "साळोखे साहेब, काय लिवलंयसा ओ! आमच्या घरात सगळी रडली सकाळी. आमची मंडळी म्हणली, ह्या माउलीच्या रक्षेला जायाचंच. मग, रक्षा कवा हाय वैनींची?"

मी म्हटलं, "आत्ताच हाय की. घातलंय की पेपरात."

"कुठं? न्हाई ओ."

मी त्याच्या काखेतला पेपर ओढून घेतला. चौकट वरपासनं खालपर्यंत वाचली. मग परत खालून वर. चपला होत्या, खरवस होता, केएमटीची खिडकी होती. वार नव्हता. वेळ नव्हती. ठिकाण नव्हतं.

त्या माणसाला कळलं असावं. तो गप जाऊन त्यांच्यातल्या चार-पाच जणांना घेऊन आला आणि ते आमच्यामागं मान खाली घालून उभे राहिले. भली माणसं. शालूला त्यातलं कुणी ओळखत नव्हतं. असल्या उसन्या माणसांत तिची रक्षा सोडली. घाट तसा मोकळाच होता.

घरी येऊन फोन चालू केला. पेठेतनं आलेले फोन किती होते ते मोजलं नाही. तालमीतल्या गुंडूला पहिला लावला. गुंडू म्हणजे शालूनं पोरासारखा वागवलेला, आता चाळिशीचा बाप्या. त्यानं उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. "पेपरात लिवायला येतंय, आमास्नी एक फोन करायला येत न्हाई? कुणाकडनं तरी कानावर आलं, रातभर फोन लावतोय, बंद करून बसलाईसा! फ्लॅटात गेलासा म्हंजे पेठ मेली काय तुमच्यासाठी? सकाळी आख्खी गल्ली आंघोळ करून तयार हुती, जायाचं कुठं आणि कवा? वैनी आमची हुती की ओ!" आणि रडायला लागला आणि फोन ठेवला. मी परत लावला, त्यानं उचलला नाही.

कोल्हापूरचा माणूस असाच. शिव्या देईल, जीव देईल, पण एकदा वाटलं की मुद्दाम डावललंय, तर तुमचं दार बघणार नाही. पेठेतनं कुणी आलं नाही.

आली ती भलतीच माणसं. ज्यांनी वाचलं ती. मी कधी न बघितलेली. हातात फोन, फोनमध्ये ती चौकट. "साहेब, शेवटचं वाक्य काय जमलंय!" कुणी म्हणे पुण्याच्या आत्यानं वाचून जेवण सोडलं. कुणी म्हणे पुस्तक काढा. अपार्टमेंटमधली दारंसुद्धा उघडली, तिसऱ्या मजल्यावरची बाई, जिनं खरवसाची वाटी निमूट परत केली होती, ती येऊन डोळे पुसत म्हणाली, "वाचलं आणि वाटलं, अशी बाई आपल्याला शेजारी असती तर!"

मी म्हटलं, "हुती की."

चुलत भावानं पाचव्या-सहाव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवलं: 'जरूर वाचा, डोळ्यात पाणी येईल.' उघडलं तर माझंच. वर गुलाबाचं चित्र, खाली हात जोडलेले. शालूचं नाव काढून टाकलेलं, कोल्हापूर काढून टाकलेलं. केएमटीच्या जागी नुसती 'बस'. कुणाचीही बायको झाली होती ती. भावाला कळलंसुद्धा नाही की ही आपली वैनी.

एक बिल्डर आला गाडीतनं, मागं दोन माणसं. "आमच्या आईसाहेबांचं वर्षश्राद्ध हाय. तुमच्या मिसेसचं लिवलंयसा तसंच लिवून द्या. चपला-बिपला घाला." मी त्याला काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. खाली वॉचमनला ऐकू गेलं, एवढं सांगतो.

आणि ह्या सगळ्या माणसांत मी असा एकटा पडलो की काय सांगू. घर भरलेलं असायचं, चहा नुसता उकळत असायचा, आणि शालूबद्दल कुणी एक शब्द विचारत नव्हतं. कसं विचारणार? ज्यांनी वाचलं होतं त्यांना वाटत होतं, आपल्याला सगळं कळलंय. रडून झालं होतं त्यांचं. तिला काय झालं होतं, दुखलं का, शेवटचं काय बोलली? एकानंही विचारलं नाही. बाळासो उसात अडकलेला. मोना रोज फोन करायची आणि फोनवर माफी मागत रडायची, तिलाच समजावायला लागायचं मला. "बाई, तुझी काय चूक न्हाई, येळ इचारायचं माझं काम," म्हणायचो आणि ठेवायचो.

बारावं झालं तेव्हा पेठेला फोन करायचं धाडस झालं नाही. भटजी, बाळासो आणि मी. परत घाट नको म्हणून घरातच केलं.

त्यानंतर एका सकाळी बेल वाजली. बेलसुद्धा नव्हे, दारावर थाप. "वैनी! मेथी हाय, पोकळा हाय, हरभऱ्याचा पाला आणलाय बघा!"

चिमणाबाई. गडमुडशिंगीची भाजीवाली. पेठेत आमच्या दारात पाटी उतरवायची, आणि आम्ही इकडं आलो तर आठवड्यातनं एकदा दोन रिक्षा बदलून इथंवर यायची. भाजी दहा रुपयाची, गप्पा तासाच्या. मध्ये लेकीच्या बाळंतपणाला गेली होती कागलकडं, महिना झाला असेल. मी दार उघडलं. तिनं पाटी खाली ठेवली, पदरानं घाम पुसला आणि माझ्या मागं आत बघितलं.

"वैनी कुठं हाईत?"

एवढं लिहिलं होतं मी. जिल्हाभर, पुण्यापर्यंत पोचलं होतं. आणि ह्या बाईला मला आता सांगायचं होतं, तोंडानं.

"वारली," म्हटलं.

ती उंबऱ्यावरच बसली. मग विचारलं, "कवा?"

"पंधरा दिवस झालं. मंगळवारी, सकाळी."

"आजारी हुत्या?"

"न्हाई. चहा गाळत हुती. खाली बसली."

"काय बोलल्या?"

"काय न्हाई. 'अहो' म्हणली. मी आलो तवर डोळं मिटलं हुतं."

"तरास झाला न्हाई म्हणायचा."

"न्हाई झाला."

"लुगडं कंचं नेसवलंसा?"

"हिरवं. बाळासोच्या बायकोनं नेसवलं. ओटी भरली."

"अहेव गेल्या," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

मी आजवर हजारो लोकांना असलेच प्रश्न विचारले, आणि पुढच्याला काय होतं ते मला माहीत नव्हतं. एकेक उत्तर देताना आतनं काहीतरी सुटत गेलं. 'अहो' हे मी त्या चौकटीत लिहिलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. भिंतीला धरून मी रडलो. मातीच्या दिवशी नाही, घाटावर नाही, त्या दिवशी रडलो, मोठ्यानं, समोरचं दार उघडून बंद होईपर्यंत.

चिमणाबाईनं रडू दिलं. मग विचारायचंच होतं ते विचारलं. "रक्षा कवा केलीसा? मला का सांगितलं न्हाईसा? मी कागलास्नं आलो असतो की. लेकीला म्हणलो असतो, थांब, सांच्याला येतो."

"पेपरात दिलतं," मी म्हटलं.

"मला कुठं वाचाया येतंय?"

"वाचाया येतंय त्यास्नीबी कळलं न्हाई, चिमणाबाई. मी येळच घातली न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता गुंडूसारखी बोलणार. पण ती उठली, पाटी दारातनं आत सरकवली, त्यातली मेथीची एक जुडी काढून हातात धरली. "चपला घाला. चला."

"कुठं?"

"कुठं सोडलीसा ते दावा मला."

रिक्षानं गेलो. वाटेत ती नुसती जुडीचं पाणी झटकत होती. घाटावर ऊन पडलं होतं. कुणी म्हशी धूत होतं, कुणी कपडे बडवत होतं. मी जागा दाखवली. ती पायऱ्या उतरून पाण्यात घोट्यापर्यंत गेली, मेथी सोडली, आणि भाजीची आरोळी ठोकतात तशा आवाजात बोलायला लागली. म्हशीवाला वळून बघायला लागला.

"वैनी! मी चिमी. लेकीकडं गेलतो. पोरगी झाली बघा, तुमी म्हणला हुतासा तसंच झालं. मला कुणी सांगितलं न्हाई, म्हून येळंला आलो न्हाई. राग धरू नगासा."

मग तिनं मागं वळून मला हात केला. "या की हिकडं. तुमीबी सांगा त्यास्नी."

"काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. अजून वाट बघत आसतील की त्या, पेठ का आली न्हाई म्हून."

मी पँट वर न करताच पाण्यात उतरलो. पाणी गार होतं. चिमणाबाईनं माझा हात धरला, भाजीच्या देठांनी खरखरीत झालेला हात. मग बोललो.

"शालू, येळ घालायची राहिली गं माझ्याकडनं. गुंडू, गल्लीतल्या बायका, सगळी आंघोळ करून तयार हुती. त्यास्नी कळलंच न्हाई कुठं यायचं. त्यांची काय चूक न्हाई बघ. आली असती. सगळी आली असती."